पुढचा बंपर बदलताय? आधी एअरबॅगचे विचारा

थार, जिम्नी घेतली की पुढचा बंपर बदलण्याचा मोह होतोच. आखूड बंपरमुळे चढावर गाडीचे नाक घासत नाही, विंचही बसवता येते. पण जाड पोलादाचा भार पुढच्या स्प्रिंगांवर येतो.

खरा धोका वेगळाच. मूळ बंपर आणि त्यामागचा भाग चेपून धक्का शोषतात. कडक पोलाद तो थेट चासीकडे पाठवते. एअरबॅग उघडण्याची वेळ चुकू शकते. पादचाऱ्यालाही जास्त मार बसतो. म्हणूनच केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना बुल बारवर कारवाई करायला सांगितले. बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘एअरबॅगला काही होत नाही’ हे दुकानदाराचे बोलणे तोंडी चालणार नाही. वाहन कंपनीकडून लेखी घ्या.