नावातली मोकळी जागा

शेलमध्ये पाइप जोडला की एका कमांडचं आउटपुट दुसरीच्या इनपुटमध्ये जातं. पण फायली पुसणारी ‘आरएम’ तिथून नावं वाचतच नाही. तिला ती आर्ग्युमेंट म्हणूनच द्यावी लागतात. हे काम ‘एक्सआर्ग्स’ करते: आलेला मजकूर तोडून त्याची आर्ग्युमेंट्स बनवते आणि यादी फार लांबली तर कमांड अनेकदा चालवते, कारण कर्नल त्यांच्या एकूण लांबीवर मर्यादा घालतो (लिनक्सवर स्टॅक नेहमीच्या ८ एमबीचा असेल तर सुमारे २ एमबी).

गोची आहे ती तोडण्यात. वेगळं काही सांगितलं नाही तर एक्सआर्ग्स मोकळ्या जागेवरही तोडते. ‘जुने बिल.पीडीएफ’चे दोन तुकडे होतात आणि शेजारी ‘जुने’ नावाची भलतीच फाइल असली तर पुसली जाते ती. ‘आम्ही नावांत जागा सोडतच नाही’ हे ठीक, पण फायली बाहेरूनही येतात. ओळीवर तोडावं, तर युनिक्समध्ये नावात नवी ओळसुद्धा चालते! वर्ज्य फक्त तिरपी रेघ आणि नल. रेघ पाथमध्ये येतेच, म्हणजे विभाजक म्हणून उरतो नल. म्हणून फायली शोधणाऱ्या ‘फाइंड’ला ‘-प्रिंट०’ आणि एक्सआर्ग्सला ‘-०’ द्यावं. हे पर्याय मानकात नाहीत, हा आक्षेप बरीच वर्षं खरा होता. २०२४च्या पॉझिक्समध्ये दोन्ही आले. फाइंडच्याच ‘-एक्झेक’ला शेवटी अधिकचं चिन्ह दिलं तर पाइपचीही गरज नाही, हेही खरं, मात्र ग्नू एक्सआर्ग्सच्या ‘-पी’सारखी एकाच वेळी अनेक कामं चालवण्याची सोय त्यात नाही.