गंज दारूने नाही, टोपीतल्या मिठाने चढतो

‘जुन्या लष्करी काडतुसांतली दारू नळी खाते. ती वापरल्यावर नळीत अमोनिया ओतायचा, म्हणजे तिचा परिणाम मरतो.’ अमेरिकेत हौसेने नेमबाजी करणाऱ्यांकडून, त्यात तिथे स्थायिक झालेले मराठी लोकही आले, हे इतक्या वेळा ऐकलं आहे की आता चीड येते. कारण या बोलण्यात गंजाचं कारणही चुकीचं आहे आणि उपायही. त्यामुळे ऐंशी वर्षं टिकलेल्या रायफली एका पावसाळी आठवड्यात नासतात.

आधी दारूवरचा आळ दूर करू. अमेरिकेत लष्करांचा शिल्लक साठा दुकानांत कायदेशीरपणे विकला जातो. त्यात आपल्या खडकीच्या कारखान्याची .303 काडतुसंही पोचलेली आहेत. 1869 साली सुरू झालेल्या या कारखान्याची खूण, के आणि एफ ही रोमन अक्षरं, पुंगळीच्या बुडावर असते. सोबत रोमन आकड्यात सात असेल तर ते मार्क 7, म्हणजे आत कॉर्डाइटच्या बारीक काड्या. सातापुढे झेड असेल तर नायट्रोसेल्युलोजची दारू. कॉर्डाइट फार तापट असते. तिच्या उष्णतेने नळीचा सुरुवातीचा भाग लवकर झिजतो, हे खरं आहे. पण ती झीज झाली. गंजाचा तिच्याशी काही संबंध नाही.

गंजाचं मूळ बुडातल्या इवल्याशा टोपीत, म्हणजे प्रायमरमध्ये असतं. जुन्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्यातला ऑक्सिजन जळणात जातो आणि उरतं पोटॅशियम क्लोराइड. हे आपल्या जेवणातल्या मिठाचं सख्खं भावंड. कोकणात श्रावणात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तसंच नळीतल्या या क्षारालाही सुटतं. हवेतली आर्द्रता 84-85 टक्क्यांवर गेली की तो ओलावा ओढून स्वतःच विरघळतो आणि पोलादावर खारं पाणी पसरतं. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्ससाठी विल्बर्ट हफ यांनी शंभर वर्षांपूर्वीच तपासण्या करून दोष या क्षाराचा असल्याचं दाखवून दिलं होतं. ‘मी तर कधीच धूत नाही, माझ्या नळीला काही झालं नाही,’ असं सांगणारा बहुधा ॲरिझोनासारख्या कोरड्या प्रदेशात राहत असतो. त्याचा सल्ला फ्लोरिडात किंवा पुण्याच्या जुलैत लागू पडत नाही.

आता अमोनिया. हा क्षार आम्लही नाही आणि अल्कलीही नाही. मग अमोनिया त्याचं उदासीनीकरण कसलं करणार? शाळेतल्या रसायनशास्त्रात हे शिकवतात, तरी काच पुसायच्या अमोनियायुक्त निळ्या द्रवाच्या बाटल्या रायफलींवर रिकाम्या होत असतात. त्यातून जो फायदा होतो, तो त्यातल्या पाण्याचा. अमोनियाने नळीत चिकटलेलं तांबं सुटतं, पण ते काम वेगळं. पोटॅशियम क्लोराइड 100 मिलिलिटर पाण्यात 20 अंश सेल्सियसला सुमारे 34 ग्रॅम विरघळतं, उकळत्या पाण्यात सुमारे 56 ग्रॅम. तेलात ते विरघळत नाही. म्हणून न धुता तेल लावलं तर क्षार तेलाखाली तसाच राहतो. ब्रिटिश सैन्यात एनफील्ड रायफलीच्या नळीत उकळतं पाणी ओतायला खास नरसाळं असे, ते याचसाठी.

धुण्याची रीत सोपी आहे. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, बोल्ट काढा, चेंबरच्या बाजूने गरम पाणी सोडा. लाकडी दस्त्यात पाणी मुरू देऊ नका. मग ब्रश फिरवा, चिंध्यांनी पूर्ण कोरडं करा आणि शेवटी तेल लावा. बोल्टचं तोंडही पुसा. अर्धस्वयंचलित रायफल असेल तर गॅस सिलिंडर आणि पिस्टनही धुवा. तिथला गंज नळीत डोकावून दिसत नाही. हे सगळं त्याच दिवशी करायचं.

कोणतं काडतूस क्षारी, हे ओळखण्याबद्दलही गैरसमज आहेत. ‘पितळ चकचकीत आहे, म्हणजे क्षार नसणार.’ पण पुंगळीच्या चकाकीवरून प्रायमरमधलं रसायन कळत नाही. प्रायमरच्या दोन प्रकारांपैकी ‘बॉक्सर सुरक्षित, बर्डन वाईट’ हेही खोटं. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी .30-06 काडतुसं बॉक्सर असूनही क्षारी आहेत, आणि आजची पुष्कळशी रशियन काडतुसं बर्डन असूनही नाहीत. त्याच युद्धातली अमेरिकी .30 कार्बाइनची काडतुसं मात्र सुरुवातीपासून बिनक्षारी होती. म्हणजे देश आणि साल एवढ्यावर भागत नाही. कारखाना आणि काडतुसाचा प्रकारही पाहावा लागतो. शंका असेल तर क्षारी समजून धुवा.

गंजाखेरीज इतरही गैरसमज आहेत. गोळीला चुंबक चिकटला म्हणजे ती चिलखतभेदी, असं नाही. पुष्कळदा फक्त वरचं आवरण पोलादी असतं.

गोळीच्या टोकाच्या रंगाचा अर्थ जगभर एक नाही. सोव्हिएत 7.62 गोळीचं हिरवं टोक म्हणजे ट्रेसर, म्हणजे जळत जाणारी गोळी, पण अमेरिकी 5.56च्या एम 855चं हिरवं टोक म्हणजे आत पोलादी भेदक. वाळक्या गवताच्या रेंजवर ट्रेसर उडवला तर वणवा लागू शकतो.

‘घोडा दाबला, क्लिक झालं, बार नाही, म्हणजे काडतूस मेलं’ हा समज सगळ्यांत घातक. जुनं प्रायमर उशिराही पेटतं. नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान 30 सेकंद थांबा, बोल्टला हात लावू नका. बार नेहमीपेक्षा दबका वाटला तर नळी तपासल्याशिवाय पुढची गोळी झाडू नका, कारण आधीची आत अडकलेली असू शकते. हिरवा कळंक चढलेली, चिरलेली किंवा गोळी डुगडुगणारी काडतुसं वापरायचीच नाहीत.

हे झालं अमेरिकेतलं. आपल्याकडे भारतात मात्र .303 हा नागरिकांसाठी निषिद्ध बोअर आहे आणि परवान्याशिवाय जिवंत काडतूस बाळगणं हा शस्त्र अधिनियम 1959 खाली गुन्हा आहे. आजोबांच्या ट्रंकेत असं काडतूस सापडलं तर ते घासू नका, ठोकू नका, शोभेला ठेवू नका. पोलीस ठाण्यात घेऊन जाऊ नका, ठाण्याला फोन करून त्यांनाच घरी बोलवा.