एकादशीच्या ताटातले परदेशी पाहुणे

रोजच्या वापरातले शब्द आले कुठून, हा आजचा विषय. सुरुवात स्वयंपाकघरातून करू, आणि तीही एकादशीच्या दिवशी.

ताट डोळ्यांसमोर आणा. साबुदाण्याची खिचडी, तिच्यात बटाटा, शेंगदाण्याचं कूट, हिरवी मिरची, आणि बाजूला उकडलेलं रताळं. बटाटा, भुईमूग, मिरची, रताळं ही चारही पिकं मूळची अमेरिका खंडातली. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तो कसावासुद्धा तिकडचाच. म्हणजे सोळाव्या शतकाच्या आधी हे ताट इथे कुणाला वाढताच आलं नसतं!

आता ‘बटाटा’ हा शब्द घ्या. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक ‘बटाटा’ म्हणायचे ते रताळ्याला. स्पॅनिश आणि पोर्तुगीज दर्यावर्दींनी तो शब्द उचलला. पुढे पोर्तुगीज भाषेत तो आजच्या बटाट्याला चिकटला आणि रताळ्याला ‘गोड बटाटा’ म्हणायची वेळ आली. म्हणजे नावाचा मूळ मालक रताळं, आणि मिरवतोय बटाटा!

फळवाल्याकडेही हीच गोष्ट. पेरूचं नाव दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशावरून आलं असं म्हणतात, तर मोसंबीचं आफ्रिकेतल्या मोझांबिकवरून. पण पोर्तुगीज माणसाला ‘पेरू’ म्हटलंत, तर त्याला टर्की नावाचा पक्षी आठवेल. आपल्या पेरूला तो ‘गोयाबा’ म्हणतो. लांबून आलेल्या वस्तूला लोक असंच एखाद्या लांबच्या मुलखाचं नाव देतात. आणि आपला लाडका हापूस? १५१० साली गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्क याच्या नावावरून.

पोर्तुगीजांकडून नुसती फळं नाही आली, बरं का. पगार, लिलाव, पिंप, घमेलं, बिजागरी, चावी हे सगळे त्यांचेच. बंदर, वखार आणि बांधकाम, जिथे माणसं एकत्र काम करत होती, तिथले हे शब्द.

यातली ‘चावी’ फार बोलकी आहे. आज लिस्बनमध्ये या शब्दाचा उच्चार ‘श’ने सुरू होतो. सोळाव्या शतकात तिथेही ‘च’ म्हणत. त्यांचा उच्चार बदलला, आपण जुना जपून ठेवला.

‘तुरुंग’ही तसाच. पोर्तुगीज ‘ट्रोंकू’ म्हणजे झाडाचं खोड. कैद्याचे पाय अडकवायच्या लाकडालाही तेच नाव, आणि त्यावरून कैदखान्यालाही. मराठीत बघा, ‘खोड’ आणि कैद्याचा ‘खोडा’! दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच वाटेने गेल्या.

आता मुद्द्याचं. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, सावरकरांनी ‘महापौर’, ‘दिनांक’ असे शब्द दिले. कारभाराची भाषा लोकांना कळावी, यासाठी असं काम लागतंच. पण ‘हा शब्द परका, म्हणून टाका’ एवढंच कारण पुरेसं नाही. त्या न्यायाने पगारही सोडावा लागेल, आणि त्याला कोण तयार होणार?

शब्द आपला आहे की नाही, हे त्याच्या जन्मगावावरून ठरत नाही. ‘बटाटा’ला आपण ‘बटाट्या-’ असं सामान्यरूप दिलं, ‘पगारा’वरून ‘पगारी’ केलं, ‘पगारदार’ केला. मराठी व्याकरणाने ज्याला आपल्या नियमांत बसवून घेतलं, तो शब्द मराठीच. परका शब्द ऐकलात, की आधी त्याला विभक्तीचा प्रत्यय लावून बघा.