टोकियोचे पत्र : मुलाचे नाव कोणत्या रकान्यात?

टोकियो : जपानमध्ये घटस्फोट घ्यायला न्यायालयाची पायरी चढावीच लागते असे नाही. वॉर्ड कार्यालयात एक छापील अर्ज मिळतो. नवरा-बायकोने सह्या करायच्या, दोन सज्ञान साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या आणि अर्ज खिडकीवर द्यायचा. इथले दहातले जवळजवळ नऊ घटस्फोट असेच होतात. मुलांसाठी या अर्जात वर्षानुवर्षे दोनच रकाने होते : पतीच्या पालकत्वाखाली राहणारी मुले आणि पत्नीच्या पालकत्वाखाली राहणारी मुले. प्रत्येक अज्ञान मुलाचे नाव यांपैकी एकात लिहिल्याशिवाय अर्ज स्वीकारला जात नसे. दोघांनाही पालक राहायचे असेल, तर त्यासाठी जागाच नव्हती.

ही जागा आता झाली आहे. मे २०२४ मध्ये जपानी संसदेने नागरी संहितेत दुरुस्ती केली आणि १ एप्रिल २०२६ पासून घटस्फोटानंतरही आई-वडिलांना संयुक्त पालकत्व घेता येते. आपल्याकडे ही बातमी कोपऱ्यात छापली गेली असेल, पण ज्यांच्या मुलांचे घर दोन देशांत विभागले आहे, अशा प्रत्येकाने ती नीट वाचावी.

जुन्या नियमाचे मूळ युद्धोत्तर सुधारणेत आहे. युद्धापूर्वीच्या कायद्यात मुलांवर अधिकार बापाचा आणि त्याच्या घराण्याचा होता. १९४७ च्या सुधारणेने आईला बरोबरीचे स्थान दिले, पण ते संसार टिकेपर्यंतच. संसार मोडला की पालक एकच. साठच्या दशकापासून हा एक पालक बहुतेक वेळा आई असतो. दुसऱ्याच्या वाट्याला आली तर महिन्यातून एखादी भेट, तीही काही तासांची, आणि समोरच्याने नाकारली तर ती मिळवून देणारी यंत्रणा दुबळी.

एकच पालक निवडायचा, तर कोणता? कौटुंबिक न्यायालये पाहतात की मूल सध्या कोणाजवळ रुळले आहे. त्याचे शाळा-शेजार पुन्हा उखडू नयेत, हा त्यामागचा हेतू चांगला आहे. परिणाम मात्र उलटा झाला. जो आधी मुलाला घेऊन निघून जाईल, त्याचीच बाजू दिवसागणिक बळकट होत गेली. एक दिवस कामावरून परतावे तर घर रिकामे, मूल आईच्या माहेरी किंवा बापाच्या गावी, आणि समोर वकिलाचे पत्र, ही इथली फार परिचित कहाणी आहे. ही माणसे दुष्ट होती असे मला वाटत नाही. जिथे एकालाच सगळे मिळते आणि दुसऱ्याला काहीच नाही, तिथे भीतीपोटी साधी माणसेही असे वागतात.

जोडीदार परदेशी असला की हीच गोष्ट देशांच्या सीमा ओलांडते. मुलाला सीमेपलीकडे नेण्याबाबत २५ ऑक्टोबर १९८० चा हेग करार आहे आणि शंभराहून अधिक देश त्यात आहेत. मुलाचा ताबा कोणाला, हे हा करार ठरवत नाही. सोळा वर्षांखालील मूल नेहमीच्या वास्तव्याच्या देशातून चुकीच्या मार्गाने नेले असेल, तर त्याला लवकर परत पाठवा आणि ताब्याचा निवाडा तिथल्या न्यायालयावर सोडा, एवढेच तो सांगतो. परत गेल्यास मुलाला गंभीर धोका असेल, तर न्यायालय परतीला नकार देऊ शकते.

जी-७ देशांत या करारापासून सर्वांत जास्त काळ दूर राहिलेला देश जपान. तो आत आला १ एप्रिल २०१४ ला. परराष्ट्र मंत्रालयाकडे समन्वयाचे काम दिले गेले आणि परतीचे खटले फक्त टोकियो व ओसाका येथील कौटुंबिक न्यायालयांत चालवायचे ठरले. पण निकाल लागूनही मूल परत जाईना. मुलाला नेणारा पालक स्वतः हजर असल्याशिवाय न्यायालयाच्या अंमलदाराला मूल ताब्यात घेता येत नसे, आणि दार उघडलेच नाही तर तो रिकाम्या हाताने परते. २०१८ मध्ये अमेरिकेत राहणाऱ्या एका जपानी दांपत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की परतीचा आदेश झुगारून मुलाला अडवून ठेवणे बेकायदा आहे. त्याच वर्षी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने करार न पाळणाऱ्यांच्या यादीत जपानला घातले. मग कायदा बदलला आणि एप्रिल २०२० पासून ती हजेरीची अट गेली. जुलै २०२० मध्ये युरोपीय संसदेने जपानविरुद्ध ठराव केला. २०२१ च्या ऑलिंपिकच्या दिवसांत एका फ्रेंच बापाने राष्ट्रीय स्टेडियमजवळच्या स्थानकाबाहेर उपोषण केले. आपली मुले पाहायला मिळावीत, एवढेच तो मागत होता.

या बदलाला इथे कडाडून विरोधही झाला आणि तो ऐकून घेण्यासारखा आहे. मारहाणीतून सुटलेल्या स्त्रिया विचारतात : मुलाच्या शाळेसाठी, शस्त्रक्रियेसाठी पुन्हा त्याच माणसाची परवानगी घ्यायची का? म्हणून नव्या कायद्यात हिंसाचाराची किंवा छळाची भीती असेल तिथे न्यायालयाने एकाच पालकाला अधिकार दिला पाहिजे, अशी सक्ती आहे. तातडीच्या प्रसंगी आणि रोजच्या बाबींत एक पालक एकटा निर्णय घेऊ शकतो. पैशाचा प्रश्नही तेवढाच खरा आहे. २०२१ च्या सरकारी पाहणीत एकट्या आईच्या घरांपैकी जेमतेम २८ टक्के घरांना मुलांचा खर्च नियमित मिळत होता. बापाला मुलाच्या आयुष्यातून पुसून टाकणाऱ्या व्यवस्थेने त्याची जबाबदारीही पुसली होती.

टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, निशी-कसाई भागात भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात आणि त्यांत मराठी घरेही आहेत. त्यांचा पेच वेगळा आहे. आई-वडील आणि मूल तिघेही भारतीय नागरिक असतील, तर जपानी न्यायालय पालकत्वाला भारतीय कायदा लावते. पण त्यांपैकी एकाने मुलाला घेऊन पुण्याचे विमान पकडले, तर जपानचे परराष्ट्र मंत्रालय हेग करारानुसार काहीही करू शकत नाही, कारण भारत त्या करारात नाही. मागे राहिलेल्या पालकाने भारतात उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा अर्ज करायचा आणि वाट पाहायची. परदेशी आदेशाचा मान ठेवायचा की मुलाचे हित नव्याने तपासायचे, यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचा झोका वर्षानुवर्षे फिरतो आहे. २०१७ च्या निकालाने मुलाचे हित सर्वोच्च मानले. तत्त्व म्हणून ते योग्यच, पण ते तपासेपर्यंत मूल बापाची किंवा आईची भाषासुद्धा विसरते.

विधी आयोगाने २००९ मध्ये भारताने करारात सामील व्हावे अशी शिफारस केली, २०१६ मध्ये पुन्हा केली, न्यायमूर्ती राजेश बिंदल समितीने मात्र २०१८ मध्ये वेगळा सूर लावला. आक्षेप एकच राहिला : परदेशात छळ सोसून, नवऱ्याच्या व्हिसावर जगणारी मुलगी माहेरी परतली, तर हा करार तिला परत ढकलेल. ही भीती खोटी नाही. अशा मुलीकडे तिथे ना नोकरीचा परवाना, ना घर, ना वकिलाचे पैसे.

म्हणून माझे मत असे आहे की भारताने करारात जावे, पण कायदा करताना तिच्या संरक्षणाची तरतूद त्यातच करावी : छळाच्या पुराव्याची लवकर तपासणी, परतीचा आदेश देण्याआधी तिकडच्या व्हिसाची, राहण्याची आणि खर्चाची हमी, आणि दूतावासात अशा स्त्रियांसाठी कायद्याची मदत. जपानचा अनुभव सांगतो की नुसती सही करून भागत नाही. घरचा कायदा एकालाच पालक मानत राहिला आणि अंमलदार रिकाम्या हाताने परतत राहिला, तर करार कागदावरच राहतो. आणि करार नसेल, तर निकाल लागतो तो विमानाचे तिकीट आधी कोणी काढले यावर.

परदेशी राहणाऱ्या जोडप्यांना माझे एवढेच सांगणे आहे की संसार तुटण्याच्या वळणावर आला असेल, तर मूल कोठे राहील, सुट्टीत कोणाकडे जाईल, त्याचा पासपोर्ट कोणाजवळ असेल, हे वकिलासमोर लिहून ठेवा. आणि मुलाला विचारा. त्याला दोघेही हवे असतात, आणि मारहाण नसलेल्या घरात ते त्याला नाकारण्याचा अधिकार ना आईला आहे, ना बापाला, ना कोणत्या देशाच्या अर्जाला.