काडीवरचा लाडू

आमच्या शेजारची पोरं केक पॉपला ‘काडीवरचा लाडू’ म्हणतात. मला हे नाव मूळ नावापेक्षा जास्त पटतं. केक कुस्करायचा, त्यात चमचा-दोन चमचे क्रीम किंवा कंडेन्स्ड मिल्क घालून मळायचा आणि लहान लिंबाएवढे गोळे वळायचे. बेसनाचे लाडू वळणाऱ्या हाताला यात नवीन एवढंच की शेवटी काडी टोचायची आणि गोळा पातळ चॉकलेटात बुडवून काढायचा. अमेरिकेत अँजी डडली या बाईंनी ‘बेकरेला’ या नावाने २००८च्या सुमारास हा प्रकार लोकप्रिय केला, २०११मध्ये तो स्टारबक्सच्या काउंटरवर आला आणि मग व्हिडिओंमधून आमच्या नेरळ-कर्जतच्या स्वयंपाकघरांत उतरला.

पदार्थ आला, त्याच्याबरोबरची हवा मात्र तिकडेच राहिली. व्हिडिओतली बाई ज्या थंड, कोरड्या ओट्यावर काम करते, तसा ओटा नेरळजवळच्या आमच्या कळंबला बाराही महिने नसतो. मे महिन्यात इथे पारा चाळिशीला टेकतो आणि जूननंतर भिंतींनाही घाम फुटतो. केक पॉपच्या सजावटीबद्दलचे बहुतेक गैरसमज हे मुळात हवामानाचे गैरसमज आहेत. ‘माझ्या हातात कला नाही’ म्हणून हिरमुसणाऱ्या बायका मी पाहिल्यात. दोष हाताचा नव्हता, आषाढाचा होता.

माझंच सांगते. भाचीच्या वाढदिवसाला, ऐन जुलैत, मी तीस केक पॉप केले. गुलाबी कोटिंग, वर रंगीत बडीशेपेसारखे दाणे. सजवून झाल्यावर ‘घट्ट राहावेत’ म्हणून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवले आणि सकाळी दिमाखात टेबलावर मांडले. दहा मिनिटांत प्रत्येक गोळ्यावर दव जमलं. दाण्यांचा रंग ओघळून गुलाबीवर निळे-हिरवे ओहोळ उमटले आणि पुसायला गेले तर बोटांचे ठसे राहिले.

फ्रीजमध्ये ठेवलं की चॉकलेट टिकतं, हा पहिला आणि सगळ्यात हट्टी गैरसमज. पावसाळ्यात हवेचं तापमान २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असली, की सुमारे २५ अंशांपेक्षा थंड असलेल्या कोणत्याही वस्तूवर हवेतलं पाणी जमतं. फ्रीजमधली वस्तू चार-पाच अंशांवर असते. मग ती घामेजणार नाही तर काय? हे पाणी कोटिंगमधली साखर विरघळवतं आणि वाळल्यावर वर पांढुरका, खरखरीत थर राहतो. लोक त्याला बुरशी समजून टाकून देतात. ती बुरशी नसते, वर येऊन सुकलेली साखर असते. खाल्ल्याने काही होत नाही, पण भेट म्हणून द्यायची शोभा गेलेली असते. ठेवायचेच असतील तर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका. तासाभरात डबा खोलीच्या तापमानाला येतो, पाणी डब्याच्या बाहेरच्या अंगावर जमतं आणि आतले गोळे कोरडे राहतात. एवढा धीर धरणं हीच खरी कला.

फ्रीजरचा मोह त्याहून वाईट. गोळा जितका गार, तितकं कोटिंग पटकन धरतं, हे खरंच आहे. पण गोठलेला गोळा गरम कोटिंगखाली हळूहळू फुगतो आणि वरचं कवच तोवर कडक झालेलं असतं. मग ते तडकतं, आणि भेगेतून तेलकट थेंब डोकावतो. फ्रीजमध्ये पंधरा-वीस मिनिटं पुरेत. गोळा गार लागावा, दगड होऊ नये. आणि काडी टोचण्याआधी तिचं टोक पातळ चॉकलेटात बुडवायचं, मग गोळ्यात अर्ध्यापर्यंत घालायची. ते चॉकलेट आत घट्ट होऊन गोंदाचं काम करतं. ‘काडीवरून घसरतात’ ही तक्रार याने निम्मी संपते. उरलेली निम्मी जास्त क्रीम घालण्यामुळे असते. मिश्रण लाडवासारखं मुठीत बसलं की थांबायचं.

कोटिंग दाट झालं तर त्यात चमचाभर दूध घालायचं, असं मला एका मैत्रिणीने अगदी विश्वासाने सांगितलं होतं. चॉकलेट म्हणजे स्निग्धांशात तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे बारीक कण. त्यात पाण्याचे दोन थेंब पडले की साखरेच्या कणांचा पृष्ठभाग चिकट होतो, कण एकमेकांना धरतात आणि वाटीत वाळूसारखा गोळा उरतो. दुधात पाणीच असतं. ओला चमचा, खालच्या पातेल्यातली वाफ, घाईत न पुसलेली वाटी, यातलं काहीही पुरतं. पातळ करायचं तर बिनवासाचं तेल, दोनशे ग्रॅमला छोटा चमचा. आणि रंगही तेलात मिसळणारे किंवा कोरड्या पुडीचे. आयसिंगसाठी मिळणारे जेलचे, पाण्याचे रंग इथे चालत नाहीत. बिटाचा रस तर नाहीच. बीट वाळवून केलेली बारीक पूड चालते, तिचा गुलाबी रंगही सुरेख मंद येतो.

‘कंपाउंड म्हणजे भेसळीचं चॉकलेट’ असंही ऐकू येतं. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तेलाचा स्निग्धांश असतो आणि तसं ते वेष्टनावर लिहिलेलंही असतं. चवीला खऱ्या चॉकलेटची सर त्याला नाही, हे मान्य. पण खरं डार्क चॉकलेट चकाकीदार आणि कडक बसायला टेंपर करावं लागतं: ४५ ते ५० अंशांवर वितळवायचं, २७-२८ पर्यंत उतरवायचं, परत ३१-३२ वर आणायचं. ज्या खोलीत वैशाखात हवाच ३८ अंश असते, तिथे ते २७ ला उतरवायचं कसं? कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं. म्हणून तर ते जिभेवर इतकं सुंदर विरघळतं, आणि म्हणूनच नेरळ स्टेशनावरून कळंबला येईपर्यंत पिशवीतही विरघळतं. इथल्या भेटीसाठी बाहेरून कंपाउंड आणि आतल्या मिश्रणात चांगलं चॉकलेट, ही तडजोड मला प्रामाणिक वाटते. क्रॉफर्ड मार्केटमधून माल आणायचा झाला तर मे महिन्यात दुपारची लोकल टाळावी, एवढं अनुभवाने सांगते.

आता सजावट. इथला गैरसमज नुसत्या दिसण्यापुरता राहत नाही, तो पोटात जातो.

चमकीच्या डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेलं असलं म्हणजे ती खाण्याची, असं फार जण धरून चालतात. तसं नसतं. शाळेच्या हस्तकलेची चमकीही नॉन-टॉक्सिक असते, खडूही असतो. खाण्याच्या चमकीवर ती खाद्य असल्याचं स्पष्ट लिहिलेलं असतं, घटक दिलेले असतात, अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक असतो. यांतलं काहीच नसेल तर ती डबी राखीपौर्णिमेच्या कार्डांसाठी ठेवा. ही नुसती भीती नाही. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये २०१८ साली वाढदिवसाचा केक खाऊन मुलं आजारी पडली. त्या केकवरच्या चमकदार पुडीत प्रामुख्याने तांबं निघालं. पुढच्या वर्षी मिसुरीत वर्षाच्या एका बाळाच्या रक्तात शिसं सापडलं, ते केकवरच्या फुलांना लावलेल्या पुडीतून आलेलं होतं. चांदीच्या वर्खाला तरी आपल्याकडे नियम आहे: २०१६पासून त्याच्या निर्मितीत कोणत्याही टप्प्यावर प्राणिजन्य वस्तू वापरायला बंदी आहे आणि चांदी ९९९ शुद्धतेची लागते. रंगांचंही तसंच. भारतात अन्नासाठी फक्त आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे. बाजारात सुट्ट्या पुडीत मिळणारा झगझगीत गुलाबी त्यातला असेलच, असं समजू नका.

आणि फुलं. व्हिडिओत खरी फुलं लावतात म्हणून आपणही लावावीत, हा हौसेचा भाग. पण फूल सुंदर आहे, आपल्या परसातलं आहे, म्हणजे ते ताटात चालतं असं नाही. आमच्याकडे पावसात कुंपणाकुंपणावर कळलावी फुलते, लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी. केक पॉपवर ती काय दिसेल! ती विषारी आहे, कंदापासून फुलापर्यंत. कण्हेर तशीच. घाणेरीचीही नक्षीदार फुलं केकजवळ नकोत. घरच्या, औषध न मारलेल्या देशी गुलाबाच्या वाळवलेल्या पाकळ्या वापराव्यात. ताज्या पाकळ्यांचं पाणी कोटिंगला सुटतं, पुन्हा तोच पाण्याचा त्रास. फुलवाल्याकडच्या गुलाबावर काय फवारलंय हे त्यालाही माहीत नसतं. सुकं खोबरं, पिस्त्याचा चुरा, भाजलेली खसखस, कोरडी चिक्की कुटून, हे सगळं सुरक्षित आणि देखणं. माथेरानच्या चिक्कीचा चुरा ओल्या कोटिंगवर भुरभुरलेला मला कुठल्याही आयात दाण्यांपेक्षा आवडतो, फक्त तो त्याच दिवशी खायचा. चिक्की दमट हवेत चिकटते.

मांडणी म्हणजे थर्माकोलचा ठोकळा आणि त्यात रोवलेल्या काड्या, हे चित्र डोक्यात पक्कं बसलंय. महाराष्ट्राने प्लास्टिक-थर्माकोलच्या वस्तूंवर मार्च २०१८मध्ये बंदी आणली आणि केंद्राच्या नियमांनुसार १ जुलै २०२२पासून सजावटीच्या थर्माकोलवर, कँडीच्या प्लास्टिकच्या काड्यांवर, मिठाईच्या खोक्याभोवती गुंडाळायच्या प्लास्टिक फिल्मवरही बंदी आहे. म्हणजे हौशी केक पॉपचं जवळजवळ सगळं बिऱ्हाडच त्या यादीत येतं. दुकानांत अजून मिळतं, ही गोष्ट वेगळी.

पण मला यात कायद्यापेक्षा सोय मोठी वाटते. ज्या समाजाने रुखवत मांडलं, त्याला थर्माकोल कशाला लागतो? लाडवांचे मनोरे, हलव्याचे दागिने, करंज्यांची चक्रं आपण कोणत्या ठोकळ्यात रोवत होतो? केळीचा खुंट घ्यावा, आडवा कापून ताटात ठेवावा आणि बांबूच्या काड्या त्यात टोचाव्यात. उदबत्त्या टोचतोच की आपण. खुंट ओलसर असतो, कागदी काडी त्यात तासाभरात मऊ पडून मान टाकते, म्हणून बांबूचीच, आणि टोकदार अग्र कापून. कागदी काड्या असतील तर पितळेच्या पातेल्यात तांदूळ भरा. भाताच्या मुलखात तांदळाला काय तोटा? वजनदार बूड, काडी हलत नाही आणि तांदूळ नंतर परत डब्यात. लाल भोपळ्याला सळईने भोकं पाडूनही मांडता येतात, पोरांना ते फार आवडतं.

काडी खालीच असली पाहिजे असंही नाही. गोळा छोट्या द्रोणात बसवावा आणि काडी आकाशाकडे. तळाला सपाटी येते, प्रवासात पडत नाहीत. संक्रांतीच्या बोरन्हाणाला मी असेच द्रोण ठेवते, पण बाळाच्या डोक्यावर ओतायच्या बोरं-चुरमुऱ्यांत हे कधी मिसळू देत नाही. गोल, चिकट घास आणि काडी, दोन्ही तीन वर्षांखालच्या पोराच्या हाती नकोत. त्यांना काडीविना, चार तुकडे करून.

मांडणीचा एक शत्रू व्हिडिओत कधीच दिसत नाही: मुंग्या. ताटाखाली पाण्याची परात ठेवा. आमच्या आजीच्या दुधाच्या कपाटाचे पाय वाटीतल्या पाण्यात असत, तीच विद्या.

बांधणीबद्दल थोडक्यात. ‘सेलोफेन’ म्हणून दुकानात जी चकाकती पिशवी मिळते ती बहुधा सेलोफेन नसते. खरं सेलोफेन लाकडातल्या सेल्युलोजपासून होतं, स्विस रसायनशास्त्रज्ञ जाक ब्रांडेनबर्गर यांनी ते गेल्या शतकाच्या सुरुवातीला बनवलं. आता त्या नावाने बहुतेक पॉलिप्रॉपिलीन विकलं जातं. ‘कागदच आहे, कुजेल’ म्हणून ती शेतात टाकू नका. वर्तमानपत्रात गुंडाळणं तर अन्नवेष्टनाच्या २०१८च्या नियमांनुसार मना आहे, शाई अन्नात उतरते. आणि कोटिंग पुरतं बसण्याआधी पिशवीचं तोंड बांधलं की आत वाफ कोंडते. आदल्या दिवशी रात्री अकराला घाईने बांधलेल्या पिशव्या सकाळी आतून धुकट दिसतात, त्याचं कारण हेच.

चॉकलेटचं कवच आहे म्हणजे आठ दिवस टिकेल, हाही एक भ्रम. काडी जिथे आत शिरते तिथे कवच बंद नसतं. आत ताजी साय किंवा क्रीम चीज असेल तर ते दोन तासांवर बाहेर राहू नये. उन्हाळ्यात, ३२ अंशांवर, एकच तास. लोणी-साखर किंवा कंडेन्स्ड मिल्कवर केलेले एक-दोन दिवस ठीक. पिशवीला तारखेची चिठ्ठी बांधावी आणि तिच्यावर शेंगदाणा, दूध, मैदा आहे का ते लिहावं.

अंड्याचंही लिहावं. ‘केकात अंडं असतंच, ते काय मांसाहारी?’ असं आपल्याकडे सहज म्हणतात. अन्नसुरक्षेच्या नियमांत अंडं मांसाहारी पदार्थांतच येतं. विकायच्या पाकिटावर तपकिरी त्रिकोण लागतो. घरच्या भेटीला त्रिकोण नको, पण श्रावणात मावशींच्या हाती द्यायचं असेल तर शब्दाने सांगणं लागतंच. दह्यावर केलेला अंडंविरहित केक कुस्करल्यावर कुणालाही ओळखू येत नाही.

भेट देता देता मागणी येऊ लागते, मग ‘घरातून करतो, परवाना कशाला’ हा शेवटचा गैरसमज उभा राहतो. विकायला लागलात की नोंदणी लागते. अन्नसुरक्षेच्या २०११च्या नियमावलीत वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या उत्पादकासाठी साधी नोंदणी ठेवली, शुल्क वर्षाला १०० रुपये. ती फॉस्कॉस पोर्टलवर होते आणि चौदा आकडी क्रमांक मिळतो. आजची मर्यादा आणि शुल्क अर्ज भरताना तिथेच पाहून घ्यावं.

परवा नेरळच्या आत्याकडे वीस नग पाठवायचे होते. स्टीलचा उभा डबा, तळाला सुती फडकं, द्रोणांत उलटे बसवलेले गोळे, वर काड्यांना एक सैल दोरी. रिक्षावाल्याला सांगितलं, ‘दादा, खड्ड्यांत जरा हळू.’ तो म्हणाला, ‘ताई, खड्ड्यांत नाही, आता खड्ड्यांमधल्या रस्त्यात हळू.’ एकोणीस पोचले धड. विसाव्याची काडी सुटली होती. तो आत्याने लाडू म्हणून खाल्ला.