विंचूदंशाचा धडा

लाल विंचवाच्या विषाने हृदयावर ताण येतो, फुप्फुसांत पाणी भरते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या बारकाईने नोंदी ठेवून रक्तदाबाचे प्राझोसिन हे औषध त्यावर वापरले. २०११ मध्ये त्यांची ७० रुग्णांवरील चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत पूर्ण सावरले; नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी आठच. प्रयोगशाळेतले औषध उपयोगी आहे का, हे असे खाटेपाशीच ठरते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आता तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काम करावे लागते. प्रबंधाचा विषय त्यांनी तिथेच शोधावा. चाचणीत सहभागी होताना रुग्णांनी शंका विचारून मगच संमतिपत्रावर सही करावी. आणि नेवाशात काय, कुठेही काय, विंचू चावला तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट दवाखाना गाठावा.