भूगोल शिकून पोरगी करणार काय?

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच खल सुरू होतो : आता पोराला कशाला घालायचं? खेड तालुक्यातल्या कुरुळीसारख्या गावी, जिथं पुणे-नाशिक रस्ता जवळ आणि चाकणचे कारखाने शेजारी, तिथं आयटीआय नाहीतर इंजिनिअरिंग, याखेरीज तिसरी वाट सहसा सुचत नाही. अशा घरातली मुलगी "मला भूगोल घ्यायचाय" म्हणाली, तर वडील विचारणारच, "नद्या-डोंगरांची नावं पाठ करून पोट भरतं का, बाई?"

वाचकहो, प्रश्न रास्त आहे. पण नावं पाठ करणं हा शाळेतला भूगोल झाला. पाणी कुठल्या अंगानं वाहतं, कुठं मुरतं, कुठली जमीन मुरमाड नि कुठली काळी, हे तुम्ही अनुभवानं जाणता. कॉलेजात तेच मोजायला आणि नकाशावर मांडायला शिकवतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारी नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. त्यावरच्या समोच्च रेषा वाचल्या की घरबसल्या उतार कळतो.

याचा उपयोग काय? ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गाडलं गेलं, दीडशेवर माणसं गेली. उतार, माती आणि पाऊस यांचा एकत्र विचार करून धोक्याच्या जागा आधी हेरणं, हे या शास्त्राचं काम आहे. आपल्या भागातही रानं जाऊन शेडं उभी राहताहेत. ओढा बुजवला तर पाणी कुणाच्या घरात शिरेल, हे सांगणारं माणूस गावाला नको का?

आता पोटापाण्याचं. नुसत्या बी. ए.वर नोकरी चालत येत नाही, हे आधीच ध्यानात घ्या. शाळेत शिकवायचं तर बी. एड. हवं. कॉलेजात शिकवायचं तर एम. ए. किंवा एम. एस्सी. करून नेट नाहीतर सेट ही परीक्षा द्यावी लागते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात भूगोलाचा स्वतंत्र विभाग आहे. स्पर्धा परीक्षांना भूगोल असतोच. उपग्रहाच्या चित्रांवरून संगणकावर नकाशे करण्याची विद्या, म्हणजे जीआयएस, शिकून घेतली तर खासगी कंपन्यांत काम मिळू शकतं. नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र याच विद्येवर चालतं. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांचे नकाशे ड्रोननं झाले, तेही याच जातीचं काम.

एक सावधगिरी मात्र घ्या. मोजणी खात्यातल्या भूकरमापकाच्या जागेला स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका किंवा आयटीआयचा सर्व्हेअर कोर्स मागतात. भूगोलाच्या पदवीवर ती जागा मिळेल, असं धरून चालू नका. प्रवेश घेण्याआधी कॉलेजात जाऊन विचारा : तिसऱ्या वर्षाला भूगोल हा विशेष विषय आहे का? नकाशाची प्रात्यक्षिकं होतात का? संगणक शिकवतात का? 'नाही' म्हणाले तर दुसरं कॉलेज पाहा.

आणि पोरगी नकाशा उलगडून बसली, तर तुम्हीही शेजारी टेका. ओढ्याचं नाव तुम्ही सांगा, उतार किती ते ती सांगेल.